आफ्रिकन सिक्लिड: एक गुंड, दोन उपाशी आणि कोटा फरशीचे तुकडे

मालवी_मासा (इंदूर)

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी लोकमान्य नगरात राहतो. दिवाळीनंतर मित्राची बदली झाली आणि त्याची चार फुटी टँक माझ्या गळ्यात पडली. चार बाय दीड बाय दीड, सोबत कॅनिस्टर फिल्टर, हीटर, लोखंडी स्टँड. माझा अनुभव म्हणजे शाळेत असताना बरणीत ठेवलेला एक गोल्डफिश, तोही आठवडाभर. दुकानात गेलो, आफ्रिकन सिक्लिडच्या टाकीपुढे उभा राहिलो आणि तिथेच विकेट पडली. गोड्या पाण्यात असले रंग? पिवळेधमक, निळे, केशरी, पट्टेवाले. दुकानदार म्हणाला, "भिया, मिक्स ले जाओ, सब साथ में रह लेते हैं." बारा घेतले, दीड-दोन इंची. बिलावर नुसतं 'आफ्रिकन असॉर्टेड'.

चार महिने मजेत गेले. मासे तीन-साडेतीन इंचांचे झाले आणि घरात दाऊद निपजला. काळा, अंगावर फिकट निळे पट्टे. डावी अर्धी टँक त्याची. बाकी सगळे उजव्या कोपऱ्यात हीटरमागे, वरच्या चार इंच पाण्यात. दोन मेले, एकाची शेपटी फाटून झालर झालीय.

दुसरी गोष्ट, एक पिवळी मासोळी आठ दिवस काही खात नाही. गळ्याखाली सूज आहे. तिसरी, एक केशरीही तीन दिवसांपासून उपाशी, कोपऱ्यात तोंड घालून असते, पोट टम्म. दुकानदाराने पिवळ्या पावडरची पुडी दिलीय, दोघींसाठी एकच. ती टाकायच्या आधी विचारतोय.

पाणी एक दिवसाआड नर्मदेचं, नसेल तर बोरिंगचं. खाणं: गोळ्या आणि वाळवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या. आत पांढरी खडी, प्लॅस्टिकची झाडं आणि झाकण उघडमीट करणारी एक खजिन्याची पेटी.

सिक्लिडवेडा (पुणे)

पुडी टाकू नका. आधी दोन गोष्टी बघून सांगा. पिवळी मधूनमधून चघळल्यासारखं करते का? आणि केशरीच्या मागे पांढरा दोरा दिसतो का? खोलीतला दिवा मालवून टॉर्चने, जरा लांबून बघा.

छप्पनभोगी

खजिन्याची पेटी आधी काढा. बाकी नंतर.

मालवी_मासा

@सिक्लिडवेडा, वीस मिनिटं स्टूल टाकून बसलो. पिवळीचा खालचा जबडा पोत्यासारखा खाली उतरलाय, तोंड पुरतं मिटत नाही. मिनिटा-दोन मिनिटांनी गाल हलवते, आमचे आजोबा पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सारायचे ना, अगदी तसं. एकदा तोंड जरा जास्त उघडलं तेव्हा आत पिवळसर-केशरी दाणे दिसले. हे काय आहे?

केशरीच्या मागे पांढरा दोरा आहे. बोटाच्या पेराएवढा, लोंबतोय.

सिक्लिडवेडा (पुणे)

पहिलीचं अभिनंदन, दुसरीची काळजी.

पिवळी म्हणजे लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, आपल्या भाषेत यलो लॅब. तिला काही झालेलं नाही, तिच्या तोंडात पिल्लं आहेत. मलावी तलावातले हे मासे अंडी दगडाला चिकटवून मोकळे होत नाहीत. मादी अंडी टाकते आणि लगेच तोंडात घेते. मग साधारण तीन ते चार आठवडे जवळजवळ उपाशी राहते. ती चघळत नाही, आतली अंडी घोळवते, म्हणजे सगळ्यांना ताजं पाणी मिळतं. हिच्यावर औषध टाकलं असतं तर तिने सगळं थुंकून टाकलं असतं.

केशरी बहुधा रेड झेब्रा. उपास, फुगलेलं पोट आणि पांढरा दोरा हे त्रिकूट म्हणजे मलावी ब्लोट. म्बुना गटातल्या या माशांचं आतडं लांब असतं. तलावात ते दिवसभर दगडावरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खरवडून खातात. त्यांना रोज ब्लडवर्म देणं म्हणजे वरणभातावर वाढलेल्या माणसाला रोज बासुंदी. ब्लोटचं नेमकं कारण काय यावर वाद आहेत, पण जड खाणं, घाण पाणी आणि सततची दहशत या तिन्हींतून तो येतो हे प्रत्येक जुन्या पाळणाऱ्याने पाहिलंय. तुमच्याकडे तिन्ही आहेत.

तिला आजच वेगळ्या बादलीत काढा. तोच हीटर किंवा दुसरा, आणि हवेचा दगड, म्हणजे हवापंपाला जोडलेला बुडबुडे सोडणारा खडा. त्यावर मेट्रोनिडाझोल वापरतात, मात्रा पशुवैद्याकडून घ्या. पण पोट टम्म झाल्यावर गुण येतोच असं नाही, आधीच सांगतो. बाकीच्यांना दोन दिवस उपास.

मालवी_मासा

म्हणजे एकीला बाळंतपण आणि एकीला अपचन, आणि दुकानदाराची पुडी एकच. धन्य.

प्राणिशास्त्रवाली (बडोदा)

त्या काळ्या दाऊदबद्दल. पट्टे आडवे, डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेले आहेत का? अंग काळं, पट्टे फिकट निळे? मग तो मेलॅनोक्रोमिस ऑराटसचा नर. गंमत म्हणजे लहानपणी या जातीचे नर आणि मादी दोघंही सोनेरी पिवळे असतात, अंगावर काळे पट्टे. नर वयात येऊन राज्य करायला लागला की रंग उलटा होतो, पिवळ्याचा काळा. जिथे काळी पट्टी होती तिथे फिकट.

मालवी_मासा

थांबा थांबा!! मी सोन्यासारखे पट्टेवाले तीन आणले होते. मार्चमध्ये त्यातला एक गायब झाला आणि हा काळा दिसायला लागला. मी आईला म्हणालो, पट्टेवाल्याला कोणीतरी खाल्लं. ती म्हणाली, मग काळा कुठून आला? मी म्हणालो आधी दिसला नसेल, दगडामागे असेल. टँकमध्ये तेव्हा एकही दगड नव्हता.

छप्पनभोगी

😂😂 आईंना मॉडरेटर करा.

प्राणिशास्त्रवाली (बडोदा)

आई बरोबर होत्या!

अंड्यांचा विषय निघालाच आहे तर नराच्या खालच्या मागच्या परावर बघा. बऱ्याच मलावी नरांच्या तिथे गोल पिवळे-केशरी ठिपके असतात, हुबेहूब अंड्यासारखे. मादी अंडी तोंडात घेताना ते ठिपकेही वेचायला जाते आणि तोंड नराजवळ येतं, त्यामुळे आतल्या अंड्यांचं फलन तोंडातच होतं. वोल्फगांग विकलर यांनी 1962 मध्ये हे मांडलं. ठिपके नक्की कशासाठी यावर पुढे बरंच संशोधन झालं, पण विकलरची कल्पना अजून पहिल्याच तासाला शिकवली जाते. मी शिकवताना पोरं नेहमी याच जागी जागी होतात.

नवशिकी

एक बावळट प्रश्न. आफ्रिकन म्हणजे सगळे एकाच तलावातले ना? मी फ्लॉवरहॉर्न आणि ऑस्कर सोबत ठेवायचा विचार करतेय.

सिक्लिडवेडा (पुणे)

बावळट नाही, पण विचार सोडा. ऑस्कर दक्षिण अमेरिकेचा, फ्लॉवरहॉर्न तर मध्य अमेरिकेतल्या जातींचा माणसाने केलेला संकर. दोघंही सिक्लिडच, आफ्रिकन नाहीत, आणि तुमच्या यलो लॅबला घास समजतील.

आफ्रिकन म्हटलं की तीन तलाव. मलावी, तंगान्यिका, व्हिक्टोरिया. तंगान्यिका 1,470 मीटर खोल, बैकलनंतर जगात दुसरा. तिथले काही चिमुकले मासे तर रिकाम्या शंखात संसार करतात. दोन फुटी टँक असेल तर मी नवशिक्याला तेच सांगतो, तळाला वाळू आणि पंधरा-वीस शंख, बस. व्हिक्टोरियात 1950च्या दशकात नाइल पर्च नावाचा भलामोठा शिकारी मासा सोडला आणि पुढे शेकडो जातींचा निकाल लागला. दुकानात 'असॉर्टेड' म्हणून मिळतात ते बहुतेक मलावीचे, तेही आफ्रिकेतून आलेले नव्हेत. चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी पैदास केलेले.

छप्पनभोगी

सगळं वाचलं. एकच शंका. खायला कसे लागतात?

प्राणिशास्त्रवाली (बडोदा)

तुम्ही कदाचित खाल्लाही असेल. बाजारातली चिलापी, म्हणजे तिलापिया, हाही आफ्रिकन सिक्लिड. 1952 मध्ये भारतात आणला आणि आता तळ्यातळ्यात आहे. त्याची मादीही अंडी तोंडात धरते. आणि गोव्यात रवा लावून तळतात ते कालुंदर, ते आपलं देशी सिक्लिड.

छप्पनभोगी

कालुंदर?! आजपासून धाग्याकडे आदराने बघेन.

अण्णा_सुदामानगर (इंदूर)

उशिरा येतोय, पण गाववाला आहे म्हणून लिहितो. अहो भिया, पाण्याचं कोणी बोलूनच नाही राहिलं.

इंदूरला हे मासे पाळणं सोपं आहे, कारण आपलं पाणीच त्यांच्या बाजूचं. मलावीला पीएच पावणेआठ ते साडेआठ लागतो, पाणी जड चालतं. माझ्या बोरिंगचा पीएच 7.8, जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) 19, केएच (पीएच टिकवून धरणारे क्षार) 13. नळाचं पाणी जलूदहून नर्मदेचं येतं, ते माझ्याकडे हलकं भरतं, जीएच 8-9. पुण्या-मुंबईचे लोक पाकिटातली क्षारं विकत घेऊन पाण्यात टाकतात, आपण बोरिंगला शिव्या देत गीझर बदलतो. तेच बोरिंग इथे कामाला येतं. फक्त दर वेळी एकच पाणी वापरा. आज नर्मदा, परवा बोरिंग असं केलं की माशांना दर आठवड्याला गाव बदलल्यासारखं होतं. मी पिंपात अर्धं-अर्धं मिसळून एक रात्र हवेचा दगड लावून ठेवतो. नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याला सोडियम थायोसल्फेटचे खडे.

आता दगड. प्लॅस्टिकची झाडं काढा, हा दगडातला मासा आहे. म्बुना शब्दाचा अर्थच तिकडच्या टोंगा भाषेत दगडातला मासा असा. लपायला भोकं नसतील तर मार खाणारा जाणार कुठे, हीटरमागेच ना? कोणत्याही फरशीवाल्याकडे जा, कोटा फरशीचे तुकडे मागा. फुकट देईल, वर उचलून नेल्याबद्दल आभार मानेल. कोटा म्हणजे चुनखडीच. तुटक्या कडेवर व्हिनेगर टाका आणि कान लावा, चुरचुर ऐकू येते. पॉलिशवाला घेऊ नका. धारदार कडा एकमेकींवर घासून बोथट करा, नाहीतर मासे खरचटतात.

सिक्लिडवेडा (पुणे)

अण्णांना अनुमोदन, एक पुस्ती. कोटाने पीएच वर चढेल अशी आशा नको. पाणी आठच्या आसपास असलं की चुना विरघळायचा जवळपास थांबतो. पीएच खाली घसरू नये एवढीच त्याची मदत. केएच वाढवायचाच झाला तर खाण्याचा सोडा, शंभर लिटरला तीन ग्रॅम टाकला की साधारण एकाने वाढतो. तुमच्या बोरिंगला त्याची गरजच नाही.

आणि रचना करताना दगड थेट तळाच्या काचेवर, खाली थर्माकोलची पातळ शीट घालून, पक्के बसवा. वाळू नंतर ओता. हे मासे उकरतात. वाळूवर रचलेला ढीग एका रात्री पोखरला की कोसळतो, आणि मग काच, फरशी, शेजाऱ्याचं छत असा हिशेब होतो.

मालवी_मासा

दगडांवरून घरात रामायण झालं. मंडलेश्वरला मामा असतात, त्यांच्याकडून नदीतले गोटे आणले, पिशवीभर. काय गुळगुळीत, काय सुंदर! टँकमध्ये लावायला घेतले तर आई मधे उभी. "नर्मदा का हर कंकर शंकर. त्यावर मासे शी करणार?" मी म्हणालो, आई, नदीत पण मासे आहेत, तिथे काय करतात? म्हणाली, "नदीत वाहून जातं. तुझी टँक वाहते का?" याला उत्तर नव्हतं. गोटे आता तुळशीपाशी मांडलेत, रोज पाणी पडतं त्यांच्यावर.

रविवारी स्कूटरवर दोन फेऱ्या करून कोटा आणला. चुरचुर खरंच ऐकू येते, अण्णा.

अण्णा_सुदामानगर (इंदूर)

आईंचं शास्त्र पक्कं आहे. टँक वाहत नाही, म्हणूनच दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं.

सिक्लिडवेडा (पुणे)

दाऊदचं काय ठरलं? माझा सल्ला, माशांची संख्या वाढवा. नऊ-दहा मासे असले की एक गुंड एकाच बळीच्या मागे लागतो. बावीस-पंचवीस असले की कोणाकोणाच्या मागे धावणार? मार वाटला जातो. एका नरामागे तीन माद्या धरा आणि नव्याने सोडताना सगळी दगडरचना मोडून पुन्हा रचा, म्हणजे जुन्याची हद्दही जाते. दिवा बंद करून सोडा.

अण्णा_सुदामानगर (इंदूर)

इथे माझा विरोध नोंदवा. पुस्तकात ठीक आहे. यांच्या टँकमध्ये काठोकाठ 255 लिटर, दगड घातल्यावर 220 धरा. एक कॅनिस्टर. पंचवीस मासे आणि एप्रिलची दुपार, त्यात लाइट तीन तास गेली तर? वर पाणी अल्कलीचं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. पीएच सातला त्याचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. सव्वाआठला तोच नऊ-दहा टक्के होतो. म्हणजे हलक्या पाण्यातले टेट्रा मासे पाळणाऱ्याला जी चूक माफ होते ती आपल्याला नाही. मी हे 2019च्या मे महिन्यात शिकलो. गावाला लग्न, घरी कोणी नाही, लाइट गेली, फिल्टर बंद पडला. परत आलो तर एकोणीस मासे तरंगत होते. दार उघडल्यावर आधी वास आला, मग दिसलं.

ऑराटस नर या टँकमध्ये नकोच. पंचवीस असोत की पन्नास, तो चार फुटांत सगळ्यांना पुरून उरतो. काढा आणि परत द्या.

सिक्लिडवेडा (पुणे)

लाइट जाण्याचं मी धरलं नव्हतं, मान्य. आमच्याकडे इमारतीला जनरेटर आहे. तरी नऊ फार कमी, अठरापर्यंत हळूहळू न्या आणि दुसरा फिल्टर लावा. ऑराटस काढण्यावर एकमत.

नवशिकी

उन्हाळ्यात इंदूरला पाणी किती तापतं? बर्फ टाकायचा का?

अण्णा_सुदामानगर (इंदूर)

बर्फ नको. झटका बसतो. अठ्ठावीसपर्यंत चिंता नाही, तीस-एकतीसला प्राणवायू कमी पडायला लागतो, मासे वर येऊन तोंडं उघडतात. झाकण काढा, टेबलफॅनचा झोत पाण्यावर आडवा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. पण त्याने पाणी उडतं आणि क्षार तिथेच राहतात, म्हणून भर घालताना बोरिंग नको, नर्मदेचं घाला. बॅटरीवर चालणारा हवापंप घरात असू द्या. उलट डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटर नसला तर मासे गारठून बसतात. दिवसा उकडतं म्हणून हीटर माळ्यावर टाकलेले लोक मी बघितलेत.

मालवी_मासा

अपडेट, बरेच दिवसांनी.

केशरी गेली. बादलीत पाच दिवस होती, औषध दिलं, चौथ्या दिवशी जरा पोहली, मग नाही. कुंडीत पुरली.

ऑराटस पकडायला अडीच तास लागले. जाळी दिसली की फरशीच्या फटीत. शेवटी सगळा कोटा बाहेर काढला, पाणी वीतभर उरवलं, तेव्हा सापडला. परत न्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "अरे, ये तो बहुत लड़ता है, भिया." मी काही बोललो नाही. त्याच्याकडे एका टाकीत तीन ऑराटस नर, तिघांच्या मध्ये काचेचे पडदे. म्हणजे त्याला माहीत होतं!

ब्लडवर्म बंद. स्पायरुलिना शेवाळाच्या गोळ्या, आठवड्यातून दोनदा उकडलेला मटार सोलून, पालकाचं पान गरम पाण्यातून काढून क्लिपला. काकांनी पाहुणे असताना सेव टाकली होती, तेलाचा तवंग दोन दिवस पाण्यावर. आता टँकवर पाटी लावलीय: 'सेव फक्त माणसांसाठी'.

आणि पिवळी. साडेतीन आठवडे झाल्यावर संध्याकाळी तिला जाळीच्या डब्यात घेतलं. सकाळी बघतो तर डब्याच्या तळाला बारीक पिवळट काड्या हलतायत. मोजल्या, चौदा. ती बाजूला थांबलेली, पोट पाठीला लागलेलं. मी हात घातला तर एका क्षणात दोन-तीन पिल्लं पुन्हा तोंडात ओढली. आईला बोलावलं. ती बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, हिला आधी खायला दे.

सिक्लिडवेडा (पुणे)

चौदा उत्तम. पिल्लांना गोळीचा चुरा किंवा आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव), दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं. मादीला आठवडाभर वेगळी ठेवून भरवा, लगेच सोडली तर अशक्त म्हणून मार खाईल.

एक विनंती. बाप कोण ते माहीत नाही. मिक्स टँकमध्ये संकर सहज होतो. ही पिल्लं कोणाला 'यलो लॅब' म्हणून देऊ नका. संकर असू शकतो असं सांगूनच द्या.

मालवी_मासा

पाचेक पिल्लांच्या अंगावर पुसट काळे उभे पट्टे दिसतायत. पिवळीला तसे नाहीत. म्हणजे तेच का?

प्राणिशास्त्रवाली (बडोदा)

दोन इंचांची होईपर्यंत थांबा. यलो लॅबच्या पिल्लांमध्येही पुसट पट्टे कधी कधी दिसतात. फोटो टाकत राहा.

अण्णा_सुदामानगर (इंदूर)

संकर असो नाहीतर नसो, चार मला ठेवा. माझी तीन फुटी रिकामीच पडलीय. रविवारी येतो, पिशवी आणि पाणी माझं. पोहे तुमच्याकडे.

छप्पनभोगी

पोह्यांवर सेव चालेल ना? की तीपण बंद?